पस्तीस चढ

कॅथेड्रलमध्ये खांदे झाकून जावे.

म्हातारीच्या गुडघ्याचा एक्स-रे, दोन प्रती.

नदीकाठी तेराव्या शतकातला बारा बाजूंचा बुरूज. फोटोसाठी सकाळ बरी.

पद्मजा सामंत, वय त्रेचाळीस. पासपोर्टवर फक्त मुंबई आणि कुवेतचे शिक्के.

नोकरी गेली की इकामा, इथं राहायचा परवाना, जातो. इकामा गेला की माणूस जातो.

"मना वर जायाचा हाय," फखरुन्निसा म्हणाली.

मे २००४. कुवेतमधल्या सालमियातल्या ट्रॅव्हल ऑफिसात पद्मजाच्या टेबलावर स्पेनमधल्या सेव्हिलचं माहितीपत्रक उघडं होतं आणि म्हातारीचं बोट कॅथेड्रलच्या उंच मनोऱ्यावर. पूर्वी तो मशिदीचा मिनार होता, हे तिच्या मुलानं, जाफरनंच तिला सांगितलं होतं. आता तो पस्तावत होता. अम्मा सत्तरीची, हातात काठी. खैतानमधल्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की चार-चार दिवस खाली न उतरणारी. मी आणि नूरी वर जाऊन येऊ, अम्मा खाली बाकावर बसेल, असं त्यानं बायकोच्या वतीनंही ठरवून टाकलं.

"येवड्या लांब जाऊन खालीच बसू, तं खैतानात काय बाक कमी हायत?"

पद्मजानं सांगितलं, या मिनारात जिना नाही. बांग देणारा घोड्यावर बसून वर जायचा म्हणतात, म्हणून आत उताराची वाट बांधलीय. पस्तीस चढ, प्रत्येकाला आकडा. थांबत थांबत जाता येईल.

जाफर उठला तो थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. तो निघून गेल्यावर मॅनेजर विजय सरांनी पद्मजाला आत बोलावलं.

"तुम्ही पाहिलंय ते?"

"नाही."

"मग?"

"अकरा वर्षं लोकांना तिथं पाठवतेय, सर. आलेला प्रत्येक जण फोटो दाखवतो. मी विचारते, घसरतं कुठं, टेकायला कुठं मिळतं."

ऐकीव माहितीवर म्हातारं माणूस चढवायचं नसतं, असं म्हणून त्यांनी मिनार चढण्याची ओळ सहलीच्या कार्यक्रमातून काढायला सांगितली. पद्मजा जागेवर आली. ओळ ठेवली, ठळक केली, खाली स्वतःचं नाव टाइप केलं. मग राजीनामा छापला, सही केली, तारीख मोकळी सोडली आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"त्या पडल्या, तर तारीख तुम्ही घाला."

घरी तिनं राजीनाम्याचं सांगितलं नाही. मुलीची, स्वराची, दहावी इथंच व्हायची होती.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ऑफिसात जाफरचा फोन आला. विजय सरांनी स्पीकर लावला. पलीकडे नुसत्या धापा.

"मॅडम, मी चोवीस नंबरावर बसलोय. पाय उचलत नाय."

"आणि अम्मा?"

"वर. घंटांखाली. नूरी हाय संगती. ती म्हणते, अम्मा खाली यायला तयार नाय."

विजय सरांनी फोन ठेवला. मग खण उघडून राजीनामा तिच्यापुढे सरकवला, फाडून टाका म्हणाले. तिनं तो नीट घडी करून परत खणात ठेवला.

"राहू द्या. पुढच्या म्हातारीला लागेल."

पस्तीस चढांनंतर तिथं सतरा पायऱ्या आहेत. पद्मजाला ते माहीत होतं. कार्यक्रमात तिनं ते लिहिलं नव्हतं.