वरच्या वाऱ्याचा दसरा

समुद्राला भरती-ओहोटी असते हे हेंद्रेपाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण साठ मैल उंचावरच्या हवेलाही रोज दोनदा भरती येते, असं श्यामकांत सांगू लागला की माणसं मुकाट्यानं बिडी पेटवत. अंबरनाथच्या कारखान्यातला हा इंजिनियर या एकाच गोष्टीपायी वेडा झाला होता. मुंबईच्या एका संशोधन संस्थेनं त्याला यंत्र दिलं होतं. आभाळावर आपटून परतलेल्या रेडिओलहरी ते पकडायचं आणि त्यांच्या थरथरीवरून वरचा वारा कागदावर रेघेनं उमटायचा. यंत्रासाठी पाड्यातल्या बुधाजी शेतकऱ्यानं आपलं खळं दिलं, तेही फुकट. राखण त्याच्या बायकोची, पुतळाबाईची.

साल १९५७. आश्विनाच्या सुमाराला त्या भरतीची रीत थोड्याच दिवसांत पालटते. श्यामकांत वर्षभर त्याचीच वाट पाहत होता. रेघ तुटली तर यंत्र परत, अशी संस्थेची अट होती.

दसऱ्याला कारखान्यातली पूजा आटोपून तो खळ्यावर आला, तर यंत्र बंद! डायलला कुंकू, माथ्यावर झेंडूची माळ, शेजारी नांगर आणि कोयता.

"पुतळाबाई, हे काय केलंत?" तो ओरडलाच.

"आवं सायेब, आज नांगराला बी कोन हात लावत नाय. ह्ये बिचारं रातंदिस राबतंय. त्याला नको इसावा?"

श्यामकांतचा राग जिभेवरच विरला. त्याच्या वेडाला या माणसांनी आपल्या औताशेजारी बसवलं होतं. पण यंत्र पुन्हा सुरू केलं, तर भरतीची रीत पालटलेली! नेमकी कागदावरच्या त्या मोकळ्या जागेत. दोन टोकं पेन्सिलीनं जोडली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हात शिवशिवला. जागा त्यानं कोरीच ठेवली.

दिवाळीनंतर संस्थेचे शरदचंद्र तपासणीला आले. "ही जागा?" त्यांनी विचारलं. श्यामकांतनं खरं ते सांगितलं आणि यंत्राची आशा सोडली.

शरदचंद्रांनी कागद उजेडात धरला. "दसऱ्याला मुंबईत आमचंही यंत्र बंद होतं, नारळ मीच फोडला. तरी आमच्या कागदावर रेघ अखंड आहे! आता त्या रेघेवर कसा भरवसा ठेवू? खरा कागद हाच. यंत्र इथंच राहू दे."

श्यामकांत तडक पुतळाबाईकडं गेला आणि तिच्या पायांशी वाकला.

"अगं बया! काय झालं, सायेब?"

"यंत्र राहिलं, पुतळाबाई. नेत नाहीत."

"नेतील कसं?" ती सूप आपटत म्हणाली. "पुजल्यालं कोन परत देतं का?"