शवपेटीतलं हसू

मी एक जुनी शवपेटी आहे. घाबरू नका, मित्रांनो, माझ्यात खरं मेलेलं कुणी कधी निजलं नाही. असाबा शहरातल्या सुतारानं मला सिनेमासाठीच घडवलं. किती राजे, किती सावत्र आया माझ्यात निजल्या आणि उठून कंदाच्या पिठाची गारी खायला गेल्या!

आमच्याकडे एक रीत होती. मेलेल्याचं सोंग घेणाऱ्यानं उठण्याआधी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. म्हणजे मरणाला कळतं, ही थट्टा होती.

राणीच्या गाथेच्या, म्हणजे भागाभागानं निघणाऱ्या आमच्या सिनेमाच्या, दुसऱ्या भागात न्वाकाएगो नावाची नटी माझ्यात निजली. राणी मेली. तो भाग बघून बाजारातल्या बायका आधी रडल्या, मग चिडल्या. सिनेमात भांडवल घालणारा व्यापारी, चीफ ओन्वुझुरिके, थेट अंगणात येऊन थडकला.

"राणी जिवंत पाहिजे. नाहीतर पुढचा भाग दुसरा कुणी काढेल."

"चीफ, माझं सगळं आधीच ठरलंय!" दिग्दर्शक ओक्वुदिली म्हणाला.

कसलं ठरलंय! रोज सकाळी माझ्यावर बसून तो त्याच दिवसाचे संवाद लिहायचा. गाथा हातची गेली, तर त्याला पुन्हा दारात कोण उभं करणार होतं?

तो न्वाकाएगोकडे वळला. "ताई, एकदाच परत नीज. डोळे उघड, बास."

"एकदा निजले ती थट्टा. त्याच पेटीत दुसऱ्यांदा निजले, तर ते मरणाला आवतण. तूच नीज ना, मिशा काढून!"

सगळे हसले. ओक्वुदिली हसला नाही. बाहेर चीफची गाडी सुरू झाली.

आणि तो एकदम ओरडला, "हसू! तुझं हसू टेपवर असेल!"

पण त्या काळी जुन्या टेपांवरच नवं चित्रण करत. त्यानं टेप लावली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मी दिसले. माझ्यात निपचित पडलेली राणी दिसली. तिनं डोळे उघडले, आणि हसली.

ती ओरड ऐकून दारात परत आलेला चीफ म्हणाला, "जिवंत आहे!"

"म्हटलं नव्हतं? पहिल्या दिवसापासून ठरलंय," ओक्वुदिली घाम पुसत म्हणाला.

"हो तर!" न्वाकाएगो म्हणाली. "म्हणून मघाशी माझ्या पाया पडत होतास."

गाथा पुढे खूप वाढली. लोक विचारत, "सगळं आधी ठरवलेलं?" तो मान डोलवायचा.

आता न्वाकाएगो खरंच गेली, दुसऱ्या, खऱ्या शवपेटीत. माझ्या पोटात जुन्या टेपा आहेत आणि वरचा पत्रा गळतो आहे. मित्रांनो, मला जरा कोरड्यात सरकवा. कुणीही न ठरवलेलं तिचं ते हसू अजून माझ्यात आहे.