पाटीपाटीने घातलेला उंचवटा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा उंचवटा आहे. जुना म्हणजे किती? तर लोक लिहायला शिकले ते माझ्यानंतर. एका उंच पठारावर, भणाणत्या वाऱ्यात मी ठाण मांडून बसलो आहे. माझ्या पायथ्यापासून एक लांबलचक बांध निघतो, तो माझा धाकटा भाऊ. ‘इथपर्यंत आमचे’ असे पलीकडच्यांना बजावण्यासाठी त्याला घातले. आता अलीकडचेही गेले आणि पलीकडचेही, पण हा पठ्ठ्या अजून हद्द राखतो आहे!

माझा जन्म एका बाईमुळे झाला. ती गेली. मुलांनी तिला इथे निजवले आणि कितीतरी दिवस तिच्यावर मातीच्या पाट्या आणून ओतल्या. कुणी ओढ्याची काळी आणली, कुणी उतारावरची तांबडी. तेव्हा माझे काय कौतुक होते! पुढे सगळे विसरले. मेंढ्यांनी माझा आडोसा केला, पोरांनी घसरगुंडी. एका मास्तरांनी तर मी मुळातलीच टेकडी आहे, असे छातीठोकपणे सांगितले. मला हात असता तर मी कपाळाला लावला असता.

गेल्या वर्षी पठारावर रस्ता आला. रस्त्याचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हा मागच्या ठेकेदाराचा ढिगारा दिसतोय. संध्याकाळपर्यंत सपाट करा.”

ढिगारा! आणि मी! पण खोटे कशाला बोलू, रागापेक्षा भीतीच जास्त वाटली.

मशीनवाल्याने माझा एक लचका तोडला आणि तो थांबला. उतरून कापलेली माती निरखू लागला. काळे, तांबडे, पाटीएवढे गोळे एकाला एक टेकून बसले होते.

“साहेब, ही पाट्यांनी टाकलेली माती आहे. आमच्या आईनं जन्मभर पाट्या वाहिल्यात, मला कळतं. हे कुणीतरी मुद्दाम घातलंय.”

“तुला माती उचलायला ठेवलंय की वाचायला?”

“मग दुसरा माणूस बघा,” म्हणत त्याने मशीनची किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली.

साहेब चडफडले, पण त्यांनी पुरातत्त्व खात्याला फोन केला. उत्खनन करणाऱ्या बाई आल्या, त्यांनी हलक्या हाताने थोडी माती बाजूला केली आणि आत एका बाईची जुनी हाडे दिसताच त्या आनंदाने ओरडल्याच. रस्त्याला वळण मिळाले आणि मला जीवदान.

चार दिवसांनी मशीनवाल्याची आई मला बघायला आली. कापलेल्या जागेवरून हात फिरवत म्हणाली, “काम चोख आहे हो. दाबून दाबून घातलीय. आत कोण आहे?”

“कुणाची तरी आई असावी,” उत्खननवाल्या बाई म्हणाल्या.

“अगं बाई! मग तिला उघडं काय ठेवलंय? झाका आधी. वारं किती आहे इथं!”

तिने स्वतःच पाटी उचलली. साहेबांनीही बाह्या सरसावल्या. त्यांची निम्मी माती वाटेतच सांडत होती, पण मी हसलो नाही.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल चढा, घसरा, लोळा. फक्त खणू नका. मी एका आईचे पांघरूण आहे, आणि ती अजून निजलेली आहे.