चार कॅबिनेटं आणि एक काळा डबा

गावच्या शाळेत सिलिया पंधरा वर्षं मदतनीस शिक्षिका होती. म्हणजे वर्ग तिने सांभाळायचा आणि सही दुसऱ्याने करायची. यंदा शिक्षिकेच्या प्रमाणपत्राची परीक्षा घरबसल्या देता येणार होती, पण कॉम्प्युटरवरच. फोन चालणार नाही. तारीख चौदा सप्टेंबर. ही हुकली तर तिच्या जागी राजधानीतून, नुकुआलोफाहून कुणीतरी प्रमाणपत्रवाली येईल, असं हेडमास्तरांनी अगदी गोड हसून सांगितलं होतं.

तयार कॉम्प्युटर परवडेना. मग बाईंनी ठरवलं, सुटे भाग आणून घरीच जोडायचा. अनुभव म्हणाल तर आजवर शिलाई मशीनचा पट्टा तेवढा बदललेला. पण तीन महिने फोनवर व्हिडिओ बघून तिने वहीत यादी केली: मदरबोर्ड, चित्र दाखवायची सोय आतच असलेला स्वस्तातला प्रोसेसर, रॅम, डिस्क, मॉनिटर, साधं पत्र्याचं कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय. शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा. व्हिडिओतला माणूस घसा फोडून सांगत होता, की बाबांनो, हा काळा डबा धड नसेल तर बाकीचं सगळं भंगार.

एवढं सगळं बायको एकटीने करत असताना नवरा गप्प बसला, तर तो फाताई कसला! त्याने वहीच्या पानाचा फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकला. 'एकेकाने एकेक वस्तू उचला.'

"अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात? आपलीच माणसं आहेत. ऑकलंडला बसून काय नुसती थंडी खातात होय?"

आता आमच्याकडे द्यायला कुणी कमी नाही, पण गुपचूप देईल तर शपथ. दिलेली वस्तू चर्चच्या हॉलमध्ये गावासमोर मांडायची, आणि मातापुलेने, म्हणजे घराण्याच्या वक्त्याने, देणाऱ्याचं नाव घेऊन गर्जना करायची. त्यामुळे ऑकलंडहून जहाजाने सामानाची पिंपं आली आणि उघडली तेव्हा आतून काय निघालं? मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क, सगळं आलं. मॉनिटर तर भिंतीएवढा. आणि कॅबिनेटं चार! चारही काचेची, सात रंगांचे पंखे लावलेली. पॉवर सप्लाय एकही नाही.

तो काळा डबा थोरल्या नणंदेच्या, लव्हिनियाच्या नावावर होता. सिलियाने भीतभीत फोन लावला.

"शी! तो डबा?" लव्हिनिया म्हणाली. "तो आत लपणार. दिसणार कुणाला? चर्चमध्ये माझ्या नावाने पत्र्याचा डबा वाचायचा का? मी सगळ्यात मोठी पेटी पाठवलीय, ती बघ."

"हो, वन्सं. फार सुंदर आहे."

दुसरं काय म्हणणार? नवऱ्याच्या थोरल्या बहिणीचा मान आमच्यात असा, की तिने सूर्य हिरवा म्हटला तर भावजयीने हिरवा चष्मा शोधावा. आणि स्वतः विकत घ्यावा म्हटलं, तर सिलियाने साठवलेले सहाशे पांगा केव्हाच डुकरात गेले होते. दानशूर मंडळींचे आभार काय रिकाम्या पोटी मानतात? रविवारी जेवण ठरलं होतं, खुद्द लव्हिनिया विमानाने येणार होती.

"चार पेट्या!" सिलिया नवऱ्यावर उखडली. "परीक्षा द्यायचीय मला, दुकान नाही मांडायचं! तुम्ही बोला ताईंशी."

"मी? मला अजून जगायचंय," फाताई म्हणाला आणि डुकराकडे बघायला निघून गेला.

सिलियाला रडू आलं. पंधरा वर्षांची मेहनत एका डब्यापायी बुडणार, आणि तोंडातून ब्र काढायची सोय नाही! अळूची पानं पुसता पुसता ती मनसोक्त रडली. मग हात धुतले, वही घेतली आणि मातापुलेला वाचायची यादी स्वतः लिहायला बसली.

रविवारी हॉल गच्च भरला. पुढच्या चटईवर लव्हिनिया, समोर चार पेट्या लखलखत. मातापुले म्हातारे, कॉम्प्युटर त्यांनी लांबूनच पाहिलेला. पण आवाज असा की कौलं हलावीत. एकेक नाव झालं, टाळ्या झाल्या. शेवटी त्यांनी कागद नाकाशी धरला.

"आणि या यंत्राचं हृदय! ज्याच्यावाचून या पेट्या कोंबड्यांची खुराडी आहेत, तो पॉवर सप्लाय! सगळ्यांहून मोठा, सगळ्यांहून महाग! देणाऱ्या आहेत, आपल्या लव्हिनियाबाई!"

काय टाळ्या पडल्या! दोन म्हाताऱ्या तर उठून नाचल्या. पाद्रीबाबांनी विचारलं, "कुठे आहे तो? बघू तरी."

लव्हिनियाने सावकाश मान वळवून सिलियाकडे पाहिलं. सिलिया शहाण्या भावजयीसारखी चटईकडे बघत होती.

"येतोय," लव्हिनिया उठून म्हणाली. "नाजूक असतो ना, म्हणून वेगळा विमानाने मागवलाय."

गुरुवारी आला. बाराशे वॅटचा, सोनेरी अक्षरांचा. त्यावर चर्चचे दिवे नि भोंगासुद्धा चालला असता. नाकापेक्षा मोती जड! एवढं धूड मावलं फक्त लव्हिनियाच्याच कॅबिनेटमध्ये. उरलेल्या तीन पेट्यांपैकी एकीत शुक्रवारी कोंबडीने अंडं घातलं, मातापुलेंचा शब्द खाली पडू दिला नाही. शनिवारी सिलियाने बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला, आणि ती फाताईच्या गळ्यात पडून हसत सुटली.

तेवढ्यात ऑकलंडहून फोन.

"काय गं, हृदय चालतंय ना?"

"चालतंय, वन्सं. तुमच्या कृपेने."

"कृपा गेली चुलीत. यादी कुणी लिहिली ते मला तिथेच कळलं होतं. उठून नाही म्हणायला मी काय खुळी आहे? सोमवारी परीक्षा ना? निकालाला मी येतेय. आणि ऐक, या वेळी मातापुलेला कागद मी लिहून देणार. पास झालीस तर पास, नापास झालीस तर नापास. हॉलमध्ये, गावासमोर."

फोन बंद झाला. सात रंगांचे पंखे गरगरत होते. सिलियाने पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.