भार गेला कुठे?

"उतरला! चार किलो उतरला!"

भाट्याच्या रस्त्यावरच्या लग्नाच्या हॉलमध्ये एकच गलका झाला. मासळी विकणारी सावित्री वजनाच्या काट्यावर हात जोडून उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. आत येताना दारात लादीवर ठेवलेल्या काट्यावर तिचं वजन भरलं होतं बहात्तर. मग तोच काटा सेवेकऱ्यांनी ताटात घालून, वर फुलं वाहून महाराजांपुढे नेला आणि मखमली आसनावर ठेवला. महाराजांनी तिच्या डोक्यावरून मोरपिसं फिरवली, काहीतरी पुटपुटले. आता आकडा होता अडुसष्ट.

"काटा तोच, माउली तीच, अंगावरची साडीसुद्धा तीच!" भारहरण महाराज माइकवर म्हणाले. "मग भार गेला कुठे? सांगेल तुमचं विज्ञान? अहो, त्याला अजून दुःखाचं वजन करता येत नाही, ते तुमचं काय करणार!"

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतल्या राजाराम तांबे गुरुजींनी मात्र डोळे मिटून घेतले. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता त्यांनी गावोगाव जाऊन नारळातून निघणाऱ्या करणीमागची हातचलाखी दाखवली होती, अंगात येणाऱ्यांशी हुज्जत घातली होती. एक बाबा गेला की दुसरा यायचा आणि तेच लोक त्याच्याही पुढे बसायचे. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आता पुरे. आज ते केवळ बायकोला, गुणवंतीबाईंना, घरी न्यायला आले होते.

गुणवंतीबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं आणि अंगात पाणी साठत होतं. मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून, आणि लघवी होऊन पाणी उतरावं म्हणून रोज एक गोळी. "रोज सकाळी वजन बघा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर लगेच या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरात काटा नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी महाराजांकडून घेतला. सिद्ध काटा आणि त्याच्याखाली घालायचं सिद्ध आसन. दोन्ही सोबतच मिळत.

"अगं, काटा बाजारात मिळाला नसता का?" रिक्षात गुरुजी म्हणाले.

"मिळाला असता. पण बाजारातला काटा नुसतं वजन सांगतो," गुणवंतीबाई म्हणाल्या. "मला कुणीतरी बरी होशील म्हणून सांगायला हवंय. तुम्ही तर तेही सांगत नाही."

घरात वाद नको म्हणून गुरुजींनी काट्याची पिशवी मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी आसनावरच्या काट्याने सत्तावन्न दाखवलं. दवाखान्यात भरलं होतं एकसष्ट. गुणवंतीबाईंचा चेहरा असा उजळला की गुरुजींना काही बोलवेना. पाणी उतरलंच आहे, तर गोळी कशाला, असं म्हणून बाईंनी ती परस्पर बंद केली. आकडा हळूहळू साठावर आला, तरी त्या म्हणत, "एकसष्टच्या आतच आहे ना!" पावलं सुजली, चपला होईनात, तेव्हा त्यांनी पाय पदराखाली झाकायला सुरुवात केली. एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना त्या भिंतीला धरून खालीच बसल्या. श्वास पुरत नव्हता.

दवाखान्यात वजन भरलं पासष्ट.

"गोळी कधीपासून बंद आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गुणवंतीबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

त्यांना बरं वाटू लागल्यावर गुरुजी कपडे न्यायला घरी आले आणि त्या काट्यापुढे बसून राहिले. काटा खोटा असणार, आत काहीतरी बसवलेलं असणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी तो आसनावरून उचलून लादीवर ठेवला आणि वर उभे राहिले. दवाखान्यात त्यांनी सहज आपलंही वजन भरलं होतं, अगदी तेवढंच. उतरून पुन्हा चढले, तरी तेच. आसनावर ठेवला, तर चार किलो कमी.

काट्यात काहीच खोट नव्हती!

त्यांनी काटा उलटा केला. चार कोपऱ्यांना चार पाय. पायांवर जेवढा भार पडेल, तेवढाच काट्याला कळतो. आसन होतं जाड स्पंजाचं, वरून मखमल. माणूस उभा राहिला की पाय स्पंजात रुतायचे, काट्याचं पोट आसनाला टेकायचं आणि थोडा भार परस्पर पोटावरून स्पंजात जायचा. एवढंच! त्यांना हसू आलं नाही, रागही आला नाही. एवढ्याशा गोष्टीने बायको जिवानिशी गेली असती, या विचाराने ते फार थकून गेले.

घरी आल्यावर गुणवंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आसनात बोट रुतवून पाहिलं. मग म्हणाल्या, "रविवारी मला हॉलवर न्या."

"जाऊ दे गं. आपण बोलायचं, त्यांनी शिव्या द्यायच्या. तू बरी झालीस, बास."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते."

रविवारी हॉल तुडुंब होता. नाव पुकारल्यावर गुणवंतीबाई दारातल्या काट्यावर चढल्याच नाहीत. सरळ महाराजांपुढे गेल्या.

"माउली, आधी दारात वजन."

"ते नंतर करते. काटा आसनावर ठेवा. आणि महाराज, तुम्ही मंत्र म्हणू नका. पिसं खाली ठेवा."

"मंत्राविना काय होणार?"

"तेच बघायचंय."

लोक कुजबुजू लागले. सेवेकऱ्याने गोंधळून काटा आणून ठेवला. त्या उभ्या राहिल्या. सत्तावन्न. मग खाली उतरून त्यांनी काटा स्वतः लादीवर ठेवला. एकसष्ट.

"मंत्र न म्हणताच चार किलो गेले आणि लादीवर येताच परत आले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "हा स्पंज आहे. याच्यापायी मी गोळी सोडली आणि मरता मरता वाचले."

"बाईंची श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. पण तोवर सावित्री पुढे आली होती. ती लादीवरच्या काट्यावर चढली. बहात्तर. ती त्या आकड्याकडे नुसती बघत राहिली.

"माझा गुडघा खरंच हलका वाटत होता ओ," ती स्वतःशीच म्हणाली.

काही लोक उठून गेले. काही बसून राहिले. एकाने गुरुजींना देवद्रोही म्हटलं. पुढच्या आठवड्यात महाराजांचे फलक देवरुखला लागले.

दोन दिवसांनी सावित्री मासळीची टोपली घेऊन दारात आली.

"गुरुजी, घरात काटा घ्यायचा तर कसा बघून घ्यावा?"

गुरुजींना वाटलं होतं, आपल्यात आता समजावण्याचं बळ नाही. तरी ते पायरीवर बसले.

"दुकानातच लादीवर ठेवायला सांग. तीनदा चढ, तीनदा उतर. तिन्ही वेळा एकच आकडा यायला हवा. मग तुझ्या मासळीच्या खात्रीच्या काट्यावर तोललेली तांदळाची पिशवी हातात घेऊन पुन्हा चढ. पिशवीइतकंच वजन वाढलं पाहिजे. घरी रोज सकाळी, एकाच जागी, कडक जमिनीवर बघ. वजन कुणी उतरवून देत नाही, काटासुद्धा नाही. तो फक्त सांगतो. आणि गुडघ्याचं डॉक्टरांना दाखव."

"एवढंच?"

"एवढंच. आणि कुणी आकडा दाखवून हात जोडायला सांगितलं, तर आधी वाकून बघ, काटा ठेवलाय कशावर."