एमिलच्या शेजारची जागा

“एक डॉलरला?” कोर्टाच्या व्हरांड्यातच वकीलबाई थबकल्या. “नवऱ्याशेजारची कबरीची जागा तुम्ही भाचीला एक डॉलरला विकलीत?”

“दिला तिने डॉलर. पावती आहे.” वेरोना हुडाकने पर्स उघडली. एमिलच्या आजारपणातली इस्पितळाची बिलंसुद्धा तिने त्यात तारीखवार लावून ठेवली होती. ती फिटेनात, म्हणून तर बाई बहात्तराव्या वर्षी दिवाळखोरीत निघाली होती.

“अर्ज भरताना मी विचारलं होतं, कुणाला काही दिलंत का.”

“तुम्ही मोटार म्हणालात, दागिने म्हणालात. मेल्यावरच्या जागेचं कुठे विचारलंत? आत त्या दिवाळखोरीच्या विश्वस्ताने शपथेवर विचारलं, तेव्हा सांगितलं की.”

“पण विकलीत कशाला?”

“इर्मा म्हणाली, नावावर आहे ते सगळं नेतात.”

इर्मा म्हणजे चर्चच्या तळघरातली. दर शुक्रवारी तिथे आठ म्हाताऱ्या विक्रीसाठी बटाट्याचं सारण भरलेले पिरोही वळत. पिठाच्या कडा दाबता दाबता तिथे घटस्फोटापासून मृत्युपत्रापर्यंत सगळे निकाल लागत, आणि अपील नसे.

वकीलबाईंनी आवाज उतरवला. “मिसेस हुडाक, या राज्यात कबरीच्या जागेला सूट आहे. ठरावीक किमतीपर्यंत घर, एक मोटार, अंगठी सोडतात, तशी तीही सोडतात. तुमच्या नावावर असती, तर कुणी बोट लावलं नसतं.”

“मग परत घेते भाचीकडून. मेलानी नाही म्हणायची नाही.”

“परत येईल, पण विश्वस्ताकडे. आपण होऊन दुसऱ्याच्या नावावर केलेल्या वस्तूवर सूट मागता येत नाही. तो विकणार आणि देणेकऱ्यांना वाटणार. तुम्हीच विकत घेता का त्याच्याकडून? अठराशे डॉलर मागेल.”

वेरोनाने पर्स मिटली. “घर सोडलं ना त्यांनी?”

“सोडलं.”

“तिथे मी एकटीच असते,” ती म्हणाली.

शुक्रवारी इर्माने विचारलं, “काय गं, वाचलं ना सगळं?”

“वाचलं,” वेरोना म्हणाली आणि तिच्यापुढे पिठाचा गोळा सरकवला. “कडा नीट दाब. मागच्या खेपेला तुझे सगळे उकळताना फुटले.”

तीन आठवड्यांनी, शनिवारी, ती नेहमीसारखी एमिलजवळ घडीची खुर्ची टाकून बसली होती. चार वर्षं ती त्याच्या उजव्या हाताच्या मोकळ्या जागेत बसत आली होती. तेवढ्यात एक म्हातारा हातात नकाशा धरून, दगड मोजत आला.

“माफ करा, बाई. सत्तेचाळीस नंबर हाच ना? बायकोसाठी घेतलाय. फार दिवस नाहीत म्हणतात.” त्याने दगडावरचं नाव वाचलं. “शेजारी कोण होते, ठाऊक आहे तुम्हाला?”

“पोलाद कारखान्यात होता. भला माणूस. बोलायचा कमी, पण घोरायचा फार.”

म्हातारा बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा हसला. “तिला चालेल. तीस वर्षांची सवय आहे.”

“पाणी साचत नाही इथे. मेपलची सावलीही येते दुपारची.”

“बरं झालं भेटलात. अहो, उठू नका. बसा ना.”

“नको,” वेरोना म्हणाली. तिने खुर्ची मिटली, खुर्चीच्या पायांनी गवतात पडलेले चार खळगे बुटाने हलकेच बुजवले, आणि ती बाजूच्या पायवाटेवर जाऊन उभी राहिली.