तळव्यांना लावायचं तेल

सांडोर गावात फादर इनासांची स्कूटर ज्या गल्लीत वळे, त्या गल्लीतले आजारी उठून बसत आणि आता बरं वाटतंय म्हणून सांगत. स्कूटरच्या हँडलला काळी पिशवी असे आणि पिशवीत आशीर्वादित तेलाची बाटली. हे तेल आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून लावायचं. पण गावची रीत अशी, की आधी डॉक्टर थकवायचे, मग नातेवाईक थकवायचे आणि माणसाने डोळे फिरवले की कोणीतरी म्हणायचं, आता फादरांना बोलवा. फादर तेल लावत, माणूस जाई. तेलाची अशी फुकट बदनामी झाली होती.

सेबॅस्टियनचा बाप तेल लावल्यावर गेला, आई गेली, थोरला भाऊ गेला. यातून त्याने जो नियम काढला, तो कोणाला खोडता आला नाही. पुढे त्याच्या पोटात गोळा निघाला आणि डॉक्टर म्हणाले, "या आठवड्यात कापला तर आशा आहे, पुढच्या आठवड्यात कापण्यात अर्थ नाही," तेव्हा तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

"ऑपरेशन म्हणजे तू फादरांना बोलावणार," तो बायकोला, रेजिनाला म्हणाला. "फादर म्हणजे तेल. नको."

"नाही बोलावत. पण चल."

"मग टेबलावर नुसताच मरेन. तेही नको."

रेजिनाने विनवलं, भांडून पाहिलं, जपमाळ करून पाहिली. पेज नेली तशी परत यायची. माणूस दिवसागणिक असा वाळत गेला, की अंथरूणच त्याला मोठं होऊ लागलं. त्याच्यासमोर रडायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांच्या केळीच्या वाडीत जाऊन पंप चालू करायची आणि पंपाच्या आवाजात रडायची. त्या आठवड्यात केळींना गरजेपेक्षा पुष्कळच जास्त पाणी मिळालं.

आठवडा संपत आला तेव्हा तिने फादरांना बोलावलं. दुसरं काही उरलं नव्हतं.

स्कूटर दारात थांबलेली समोरच्या क्लेमेंटीनबायने पाहिली. तिच्याकडे नवाच टेलिफोन आला होता आणि कोणाला करावा हे तिला अजून सुचलं नव्हतं. ते आता सुचलं.

आत सेबॅस्टियन पिशवीकडे बघत होता.

"आलात? मग सुटलो मी."

"भेटायला आलोय," फादर म्हणाले.

"मी वाचेन का, एवढं सांगा."

"ते मला माहीत नाही. देवाचं तुझ्यावर प्रेम आहे, हे माहीत आहे."

"प्रेम आहे, तर गोळा कशाला दिला?"

फादरांनी पिशवी खाली ठेवली. "मीही त्याला असं पुष्कळ विचारतो. उत्तर येत नाही. पण विचारत असताना तो उठून जात नाही, एवढं कळतं."

इतक्यात चर्चची घंटा सुरू झाली. एक ठोका, मग लांब थांबणं, मग दुसरा. मयताची घंटा. गल्लीत कोणीतरी विचारलं, "कोण गेलं?" आणि क्लेमेंटीनबायचा आवाज आला, "आपला सेबॅस्टियन. फादर आतच आहेत."

सेबॅस्टियन पांढरा पडला. स्वतःची घंटा ऐकायची पाळी गावात याआधी कोणावर आली नव्हती.

"मी अजून बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही," फादर म्हणाले.

"बघ," सेबॅस्टियन बायकोला म्हणाला. "बघ गो. वरून निरोप आला."

"वरून नाही, समोरच्या टेलिफोनवरून आला," रेजिना म्हणाली. मग तिला पंप चालू करायचं भान राहिलं नाही. ती त्याच्यासमोरच रडू लागली. त्याचे हात तिने ओढून घेतले. केळीच्या चिकाने ते कायमचे काळे झाले होते.

"घड कापायला जाताना तळव्यांना तेल कशाला लावतोस?"

"चीक चिकटू नये म्हणून."

"तेल लावलं म्हणून चीक यायचा थांबतो?"

"नाही."

"काम झाल्यावर लावतोस?"

"मग काय उपयोग?"

"मग हे आधी लाव ना. तू म्हणतोस हे शेवटचं तेल. आपण शेवटी लावतो, म्हणून शेवटचं. देवाने कामाला जाणाऱ्या माणसासाठी दिलंय. भीती येणारच रे. तुला चिकटू नये, एवढंच त्याला वाटतं. मला हवा आहेस, त्यापेक्षा त्याला तू कमी हवा आहेस का?"

घंटा वाजतच होती. सेबॅस्टियनने ती बराच वेळ ऐकली. मग अंथरुणात उठून बसत त्याने काळे तळवे फादरांपुढे धरले. फादरांना दोनदा अंगठा बुडवावा लागला.

बाहेर लोक पांढरी फुलं घेऊन जमले होते. शेजारच्या श्रीपतच्या टेम्पोत, केळीच्या पाल्यावर गोधडी टाकून मयत स्वतःच्या पायांनी चढलं. क्लेमेंटीनबाय फुलांसकट मागे बसली. फुलं परत घेत नाहीत, म्हणाली, इस्पितळातही चालतात.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्सने त्याचे हात पाहिले. "हे काय लावलंय?"

"तेल."

"कसलं?"

"कामाचं."

ती पुसायला कापूस आणायला वळली, तेव्हा त्याने रेजिनाचा हात धरला आणि आपला तळवा तिच्या तळव्यावर नीट घासला.

"भीती गेली?" तिने विचारलं.

"नाही गो. आहे इथेच. पण मी एकटा नाही आत जात." तो अजून घासतच होता. "तुलाही थोडं घे. बाहेर बसणाऱ्याला जास्त चिकटते."

दार बंद झालं. रेजिना उजवी मूठ मिटून बाकावर बसली, आणि क्लेमेंटीनबायने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तिने तो डाव्या हाताने घेतला.